स्वादुपिंडाच्या वेदनेची वाट

जुनाट स्वादुपिंडदाह, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस, हा आजार रुग्णाला दोन बाजूंनी घेरतो. एकीकडे अन्न पचवणारी आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारी ग्रंथी वर्षानुवर्षे झिजत, कडक होत निकामी होत जाते, तर दुसरीकडे बेंबीच्या वर उठणारी कळ पाठीत आरपार जाते आणि तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, हटत नाही. पहिल्या त्रासावर पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल आणि इन्सुलिन यांचा आधार तरी आहे. दुसऱ्या त्रासापायी मात्र माणसाचे जेवण तुटते, रोजगार बुडतो आणि वेदनाशामकांची सवय लागते. ही कळ मेंदूपर्यंत नेणारा मज्जातंतूच छातीत दुर्बीण घालून कापून टाकण्याची एक शस्त्रक्रिया आहे, तिला थोरॅकोस्कोपिक स्प्लँक्निसेक्टमी म्हणतात. ती कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला पडत नाही, हे समजून घ्यायचे तर वेदना नेमकी कुठून निघते आणि कोणत्या वाटेने जाते, हे आधी पाहावे लागते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे असते. त्याची लांबी साधारण १५ सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते. इतक्या आत दडलेल्या अवयवाचे दुखणे बाहेरून हात लावून ओळखता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मंगळवेढा किंवा अक्कलकोट भागातल्या एखाद्या रुग्णाची कळ जेवणानंतर वाढते म्हणून तिला आधी ‘पित्त’ म्हटले जाते, पाठीत जाते म्हणून मग मुतखड्याची शंका घेतली जाते, आणि साध्या सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड झाकले गेले तर तपासणी ‘नॉर्मल’ येऊन आणखी काही महिने निघून जातात. रुग्णाची बसण्याची पद्धत मात्र बरेच काही सांगून जाते, कारण उताणे झोपल्यावर दुखणे वाढते आणि गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकल्यावर ते थोडे हलके होते. दाह झालेली ग्रंथी कण्यावर दाबली जाणे या बैठकीत कमी होते. अशी बैठक, उतरत चाललेले वजन आणि तेलकट, भांड्याला चिकटणारे शौच या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर सीटी स्कॅन करून ग्रंथीतले खडे आणि रुंदावलेली नलिका शोधण्यात वेळ घालवू नये.

या आजाराचे नाव निघताच दारूकडे बोट दाखवण्याची सवय समाजात खोल रुजलेली आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ रुग्णांवर अन्याय होतो. दारू हे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण देशभरातल्या १०८६ रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दारूमुळे आजार झालेल्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के निघाले आणि ज्यांच्या आजाराचे कोणतेही उघड कारण सापडले नाही अशांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. या दुसऱ्या गटात दारूला कधी हातही न लावलेली तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. दक्षिण भारतात आढळणाऱ्या अशा आजाराचा संबंध एके काळी कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, कंदाशी जोडला जात असे, परंतु ज्या भागात हा कंद रोजच्या ताटात नसतो तिथेही आजार सापडू लागल्यावर ती उपपत्ती मागे पडली. ज्वारीच्या भाकरीवर जगणारा सोलापूर जिल्हा तर त्या उपपत्तीत कधी बसलाच नसता. पुढे स्पिंक-१ या जनुकातला बदल भारतीय रुग्णांत वारंवार दिसून आला. हे जनुक ज्या प्रथिनाची माहिती बाळगते ते प्रथिन पाचक रस ग्रंथीच्या आतच जागा होऊ नये म्हणून पहारा देते, आणि हा पहारा ढिला पडला की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. धूम्रपान हे दारूहून वेगळे, स्वतंत्र कारण आहे, शिवाय ते आजाराचा वेगही वाढवते. म्हणून दारू सोडली पण विडी चालू ठेवली, हा सौदा रुग्णाला महागात पडतो.

आता वेदनेकडे वळता येईल. पूर्वीची समजूत साधी होती: ग्रंथीच्या मुख्य नलिकेत खडा अडकतो, मागे रस तुंबतो, दाब वाढतो आणि दुखते. ही समजूत चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण नलिका मोकळी केल्यावरही काही रुग्ण दुखण्याने तळमळत राहतात आणि नलिकेत खडे भरलेले असूनही काहींना फारसे दुखत नाही. बॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथींचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून दाखवले की तिथले मज्जातंतू जाड झालेले असतात, त्यांचे संरक्षक आवरण फाटलेले असते आणि दाहक पेशी त्यांना वेढून बसलेल्या असतात. याचा अर्थ असा की तारा स्वतःच आजारी पडलेल्या असतात, आणि म्हणून मामुली उद्दीपनालाही त्या कळ म्हणून पुढे पाठवतात.

या तारांची वाट ठरलेली आहे. स्वादुपिंडातून निघालेले वेदनावाहक तंतू महाधमनीच्या पुढ्यात असलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्यात, म्हणजे सीलिॲक प्लेक्ससमध्ये, एकत्र येतात; तिथून ते स्प्लँक्निक मज्जातंतूंमधून छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, ओलांडून छातीत शिरतात, मणक्यांच्या कडेने वर चढतात, पाचव्या ते बाराव्या वक्षीय मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत पोहोचतात आणि तेथून मेंदूकडे जातात. स्प्लँक्निक मज्जातंतू प्रत्येक बाजूला साधारणतः तीन असतात: मोठा, लहान आणि सर्वांत लहान, त्यातला मोठा बहुधा पाचव्या ते नवव्या मणक्यांच्या पातळीवरच्या शाखा एकत्र होऊन बनतो. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा मोठा मज्जातंतू छातीत फुप्फुसाच्या मागे, कण्यालगतच्या अत्यंत पातळ आवरणाखाली असतो, आणि फुप्फुस बाजूला सारले की दुर्बिणीतून तो थेट नजरेला पडतो. पोटात खोलवर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीत जे काम जोखमीचे ठरते, ते छातीत काही छोट्या छिद्रांतून होऊ शकते, हीच या शस्त्रक्रियेमागची कल्पना आहे.

कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या लियाँ येथील शल्यचिकित्सक पिएर माले-गी यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वादुपिंडाच्या वेदनेसाठी डावा स्प्लँक्निक मज्जातंतू कापण्यास सुरुवात केली आणि चार दशकांनंतर, १९८३ मध्ये, २१५ रुग्णांचा दीर्घ अनुभव मांडला. त्यांची शस्त्रक्रिया मात्र मोठा छेद घेऊन होत असे. छातीत दुर्बीण घालण्याचे तंत्र त्याहून आधीचे होते, कारण स्टॉकहोमचे हान्स क्रिस्टियन याकोबेयस यांनी १९१० मध्येच ते वापरून दाखवले होते आणि पुढे क्षयरुग्णांच्या छातीतले चिकटलेले पडदे सोडवण्यासाठी ते रूढ झाले. पण स्वादुपिंडाच्या वेदनेसाठी स्प्लँक्निक मज्जातंतू कापण्याच्या कामी ते येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले, जेव्हा छोटे कॅमेरे आणि व्हिडिओ पडदे शस्त्रक्रियागृहात आले. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे आल्फ्रेड कुशिएरी यांनी १९९४ मध्ये रुग्णाला पालथे झोपवून दोन्ही बाजूंचे मज्जातंतू एकाच बैठकीत कापण्याची पद्धत मांडली. स्प्लँक्निक मज्जातंतू ज्या संस्थेचा भाग आहेत त्या अनुकंपी मज्जासंस्थेवर, म्हणजे सिंपथेटिक नर्व्हस सिस्टीमवर, शस्त्रक्रिया करणे महाराष्ट्रातल्या शल्यचिकित्सकांनाही परके नाही. विडी ओढणाऱ्यांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या बर्जरच्या आजारात कमरेतला सिंपथेटिक मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे दीर्घकाळ होत आली आहे. तंबाखूचा धूर एका माणसाच्या पायात आणि दुसऱ्याच्या स्वादुपिंडात असा दोन्हीकडे नासधूस करतो, ही गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया संपूर्ण भुलीखाली होते. पालथ्या पद्धतीत गुरुत्वाकर्षणाने फुप्फुसे पुढे सरकतात आणि कण्यालगतची जागा मोकळी होते. जरुरीप्रमाणे काम चालू असलेल्या बाजूचे फुप्फुस काही वेळ बंद ठेवले जाते किंवा छातीत थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून ते दाबले जाते, आणि म्हणून अशा भुलीचा सराव असलेला भूलतज्ज्ञ ही या शस्त्रक्रियेची पहिली गरज ठरते. बरगड्यांच्या मधल्या जागेतून प्रत्येक बाजूला अर्ध्या ते एक सेंटिमीटरची दोन किंवा तीन छिद्रे पाडली जातात. व्हिडिओच्या पडद्यावर आधी बरगड्यांची डोकी ओळखू येतात, त्यांवरून उभी गेलेली सिंपथेटिक साखळी दिसते आणि तिच्यातून निघून तिरपा, खाली आणि आतल्या बाजूला, श्वासपटलाकडे जाणारा, दोनएक मिलिमीटर जाडीचा पांढरट मोठा स्प्लँक्निक मज्जातंतू आवरणाखाली उमटलेला दिसतो. आवरण उघडून तो हुकाने उचलला जातो, आजूबाजूच्या बारीक शिरांपासून सोडवला जातो आणि त्याचा काही भाग कापून बाहेर काढला जातो. साधी चीर देण्यापेक्षा तुकडाच काढण्यामागे टोके पुन्हा जुळू नयेत हा हेतू असतो. खालच्या लहान मज्जातंतूच्या शाखाही शोधून कापाव्या लागतात, कारण या शाखांची मांडणी माणसागणिक, इतकेच नव्हे तर एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूंनाही, वेगळी असते आणि राहून गेलेली एखादी शाखा वेदनेला वाट देत राहते. शेवटी फुप्फुस पुन्हा फुगवले जाते, आणि सारे सुरळीत झाल्यास रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो.

छिद्रे लहान म्हणून धोकाही लहान, असा अर्थ मात्र काढू नये. कण्यालगतच्या रक्तवाहिन्यांतून रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित छाती उघडावी लागते. फुप्फुसाभोवती हवा साचू शकते. बरगडीखालचा मज्जातंतू दुखावल्यास छातीच्या भिंतीत काही आठवडे जळजळ राहते. काहींना जुलाब होतात आणि काहींचा रक्तदाब उभे राहिल्यावर उतरतो. हेच मज्जातंतू अधिवृक्क ग्रंथीला ॲड्रिनलीन सोडण्याचा आदेशही पोहोचवतात, त्यामुळे दोन्ही बाजू कापल्यावर ॲड्रिनलीनचा हा प्रतिसाद मंदावतो, असे नेदरलँड्समधल्या नाइमेखन येथील अभ्यासात दिसले. त्याच वेळी एक दिलासाही आहे: पोटाच्या आतल्या भिंतीची वेदना निराळ्या, बरगड्यांखालच्या मज्जातंतूंतून जाते, त्यामुळे उद्या आतडे फाटून पोटात पू झाला तर तो रुग्णाला कळणारच नाही, ही रुग्णांच्या नातेवाइकांना वाटणारी भीती बहुतांशी अनाठायी आहे.

या शस्त्रक्रियेचे मोल तिच्या निकालांवरून ठरवावे लागते. स्वीडनमधल्या लुंड येथून १९९९ मध्ये ४४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यांपैकी २३ जणांना स्वादुपिंडाचा कर्करोग आणि २१ जणांना जुनाट दाह होता. वेदनेची तीव्रता सरासरी निम्म्याने उतरली, ग्रंथीच्या पचनाच्या आणि साखरेच्या कामावर परिणाम झाला नाही, पण काही रुग्णांत रक्तस्रावामुळे छाती उघडण्याची वेळ आली. वेगवेगळ्या ठिकाणच्या अनुभवात एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते, ती म्हणजे सुरुवातीचा आराम ठळक असतो आणि वर्षे जातील तसतसा तो ओसरत जातो. नाइमेखनच्या दीर्घ पाठपुराव्यात काही वर्षांनंतरही समाधानी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उरले. अमेरिकेतल्या इंडियाना येथे हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बारीक नलिका असलेल्या रुग्णांचा अनुभव मांडला तेव्हा असे निघाले की ज्यांच्यावर आधी कोणतीही शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपीचे उपचार झाले नव्हते, त्यांना अधिक आणि टिकाऊ आराम मिळाला.

हा शेवटचा निष्कर्ष साऱ्या विषयाचा गाभा आहे, असे म्हणता येईल. वेदना वर्षानुवर्षे एकाच वाटेने जात राहिली की मज्जारज्जू आणि मेंदू बदलू लागतात, आणि लाउडस्पीकरचा आवाज वाढवून ठेवावा तसे खालून येणारा बारीकसा संदेशही ते मोठा करून ऐकू लागतात. वैद्यकशास्त्र याला केंद्रीय संवेदनवृद्धी म्हणते. नाइमेखनच्याच संशोधकांनी २०११ मध्ये, ही शस्त्रक्रिया अयशस्वी ठरलेल्या रुग्णांत ही वृद्धी ग्रंथीकडून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे चालू राहते का, हा प्रश्न तपासला आणि उत्तर होकारार्थी असण्याकडे त्यांचे निष्कर्ष झुकले. वेदनेने एकदा मज्जारज्जूत घर केले की छातीतला मज्जातंतू कापून फारसे हाती लागत नाही, कारण ज्या वाटेवर अडसर घातला ती वाट वेदनेने केव्हाच मागे टाकलेली असते. म्हणून ‘ही शस्त्रक्रिया चांगली की वाईट’ या प्रश्नापेक्षा ‘या रुग्णाची वेदना आज कोठे आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो प्रश्न न विचारता, सर्व उपाय थकल्यावरचा शेवटचा उपाय म्हणून मज्जातंतू कापणे म्हणजे यशाची शक्यता सर्वांत कमी असताना शस्त्रक्रिया करणे होय. त्वचेवर ठरावीक दाब, उष्णता किंवा सौम्य विद्युतप्रवाह देऊन शरीराची संवेदनशीलता मोजण्याच्या चाचण्या या प्रश्नाचे उत्तर काही अंशी देऊ शकतात, पण त्या अजून नेहमीच्या वापरात आलेल्या नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. पाठीतून घातलेल्या सुईने किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या साह्याने सीलिॲक जाळ्यात बधिरता आणणारे औषध आणि स्टेरॉइड सोडले, तर काही आठवडे किंवा महिने आराम पडू शकतो. अशा इंजेक्शनने कळ उतरते की नाही, यावरूनही वेदना अजून त्या वाटेने येते का, याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. अकराव्या-बाराव्या मणक्यांच्या पातळीवर सुई नेऊन रेडिओ लहरींच्या उष्णतेने हेच मज्जातंतू निकामी करण्याची पद्धतही वेदना-उपचार केंद्रांत वापरली जाते.

नलिकेत मोठे खडे असतील तर मज्जातंतूंआधी त्यांचा विचार करणे योग्य. त्या बाबतीत सोलापूरकरांचे भौगोलिक स्थान त्यांना अनुकूल आहे, कारण पुणे-हैदराबाद महामार्गावर एका दिशेला सुमारे २५० किलोमीटरवर पुणे आणि दुसऱ्या दिशेला सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबाद आहे. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने शरीराबाहेरून आघातलहरी देऊन खडे फोडण्याच्या उपचाराचा १००६ रुग्णांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला होता आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत खडे पूर्ण निघाले होते. तेथीलच तलुकदार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असेही दाखवले की नलिका मोकळी झाल्यावर परतणारी वेदना प्रीगॅबालिन आणि अँटिऑक्सिडंट यांच्या जोडीने कमी करता येते. प्रीगॅबालिन हे मज्जातंतूंवर काम करणारे औषध असल्यामुळे ते उपयोगी पडते, यातूनच वेदनेचे मूळ ग्रंथीपुरते नसल्याचे पुन्हा सूचित होते. दुसरीकडे नेदरलँड्समधल्या ‘एस्केप’ चाचणीने २०२० मध्ये ८८ रुग्णांवरून दाखवले की रुंद नलिका असलेल्या रुग्णांत लवकर केलेली पोटाची शस्त्रक्रिया ही आधी एंडोस्कोपी, मग गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया या क्रमापेक्षा वेदना जास्त कमी करते. लवकर हा शब्द इथेही आला आहे, आणि त्याचे कारण वर सांगितलेलेच आहे.

रुग्णाच्या बाजूने काही व्यावहारिक गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात या योजनेत बसते, हे मात्र उपचार ठरण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्यावे, कारण राज्याबाहेरच्या रुग्णालयात ती लागू होईलच असे धरून चालता येत नाही. तज्ज्ञाकडे जाताना केवळ शेवटचा रिपोर्ट नेऊन भागत नाही: सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी, आधी झालेल्या एंडोस्कोपी आणि शस्त्रक्रियांच्या तारखा, आणि वेदनाशामक गोळ्यांची नावे व मात्रा हे सारे सोबत हवे, कारण वेदना किती जुनी आहे आणि तिच्यावर काय काय झाले आहे यावरूनच मज्जातंतू कापण्याचा उपयोग होईल की नाही हे ठरते. ट्रॅमाडॉलची गोळी दीर्घकाळ चालू असेल तर ती लपवू नये. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्याने रुग्ण संकोचतात, पण अशी औषधे दीर्घकाळ घेतल्यास काही रुग्णांत वेदनेची संवेदनशीलताच वाढते आणि शस्त्रक्रियेनंतर ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी करावी लागतात.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी ग्रंथीचा आजार चालूच राहतो, आणि वेदना गेल्यावर रुग्ण दवाखान्यात येणेच सोडून देतो, हा यातला मोठा धोका आहे. पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल जेवणाआधी किंवा नंतर एकदम न घेता जेवता जेवता घ्यायच्या असतात. दुखण्याच्या धास्तीने तेल-तूप पूर्ण सोडलेला रुग्ण कुपोषित होत जातो. सोलापुरी शेंगाचटणीचा मुख्य घटक असलेल्या शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते, आणि पुरेशी पाचक द्रव्ये सोबत असतील तर अशा पदार्थांची मोजकी मात्रा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने पुन्हा ताटात येऊ शकते. साखरेची तपासणी ठरावीक मुदतीने करावी लागते, कारण या आजारातला मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा वागत नाही. इन्सुलिनसोबत साखर वर आणणारे ग्लुकागॉनही कमी पडते, आणि म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर एकाएकी फार खाली उतरू शकते. त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसांना घाम फुटणे, हातपाय थरथरणे आणि बोलणे अडखळणे ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत आणि घरात साखर किंवा ग्लुकोज हाताशी असले पाहिजे.